जमिनीवरचा पहिला बोजा

घरी बसून संगणकावर विमान उडवणाऱ्या माणसाचे सारे लक्ष विमानाकडे असते, असा बाहेरच्यांचा समज असतो. तो पहिल्या सहा महिन्यांपुरता खरा आहे. विमान एकदा हाताला आले, उतरताना धावपट्टीवर आपटेनासे झाले, की माणूस खिडकीतून खाली बघायला लागतो. आणि तिथून त्याच्या डोक्याला खरा ताप सुरू होतो. कारण खाली जमीन असते. ती कुणीतरी केलेली असते, कशावरून तरी केलेली असते, आणि बहुधा ती आपल्या ओळखीची नसते.

फ्लाइट सिम्युलेटर या खेळाबरोबर जगाची जमीन, या मंडळींच्या भाषेत सीनरी, मिळतेच. पण मिळाली तेवढ्यावर समाधान मानणारा माणूस मी पाहिलेला नाही. कुणी हौशी पुण्याचा विमानतळ नेटका करून देतो, कुणी गोव्याचा. कुणी सह्याद्रीच्या चढउतारांची अधिक बारीक जाळी विणून देतो, कुणी आकाशातून काढलेली छायाचित्रे जमिनीवर सतरंजीसारखी अंथरून देतो. काही विकत, बरेचसे फुकट. वर्षभरात अशा पन्नाससाठ जोडसीनऱ्या हार्ड डिस्कवर साठतात. मग एके दिवशी लोहगावच्या धावपट्टीच्या मधोमध झाडे उगवलेली दिसतात, रस्ता खाडीच्या पाण्यात शिरतो, विमानतळ टेबलासारखा आसपासच्या जमिनीच्या वर उभा राहतो. गंमत अशी की यातली प्रत्येक सीनरी आपापल्या जागी बरोबर असते. चुकलेला असतो तो त्यांचा क्रम.

या क्रमाविषयी मला लिहायचे आहे. तो लावणे हे नुसते डिस्कवरचे झाडलोटीचे काम नाही. एकाच जमिनीविषयी चार साक्षीदार चार गोष्टी सांगत असताना कुणाचे आधी ऐकायचे, हा त्यातला प्रश्न आहे, आणि त्याचा निर्णय वर्णमालेवर किंवा कुठल्या दूरच्या कंपनीवर सोपवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी चौतीस वर्षे बँकेत काढली, त्यातली बरीचशी कर्जखात्यात. जमीन गहाण घ्यायची तर तिचा तीस वर्षांचा शोध घ्यायचा, सातबारा आणि फेरफार मांडीवर घेऊन बसायचे, हे रोजचे काम होते. एकाच जमिनीवर दोघांचा बोजा असेल तर आधी कुणाचा, हे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने ४८ व्या कलमात सांगून ठेवले आहे : जो आधी आला त्याचा हक्क आधी. सिम्युलेटरमध्येही एका जमिनीवर चारपाच जणांचा बोजा असतो. फक्त तिथला कायदा उलटा आहे.

मी वापरतो त्या एक्स-प्लेनचे उदाहरण घेतो. ऑस्टिन मायर यांनी हा सिम्युलेटर १९९५ साली आणला. त्यात जोडसीनऱ्यांचा एक फोल्डर असतो आणि त्या फोल्डरात एक साधी मजकुराची फाइल. फाइलमध्ये एकेका ओळीत एकेका सीनरीचे नाव. वरच्या ओळीतली सीनरी खालच्या ओळीतल्या सीनरीवर मात करते; एवढाच नियम. आता नवी सीनरी आणून टाकली की सिम्युलेटर आपल्या मनाने तिचे नाव यादीत सर्वांत वर चढवतो. कालचा पोर थेट पाटलाच्या गादीवर! ती फाइल पुसली गेली तर सिम्युलेटर ती नव्याने बनवतो, आणि या वेळी नावांच्या वर्णानुक्रमाने. म्हणून जगभरचे शौकीन जमिनीच्या फोल्डरांच्या नावाआधी इंग्रजी झेड, कधी झेड झेड झेड लावून त्यांना तळाशी ढकलतात. आमच्या बँकेत कुणी कर्जदारांची यादी अशी लावली असती तर त्याची बदली गडचिरोलीला झाली असती.

योग्य क्रम तसा सोपा आहे. सर्वांत वर हाताने केलेले विमानतळ. त्यांच्याखाली रस्ते, इमारती, झाडी यांचे थर; हे थर पारदर्शक असतात, एकावर एक बसू शकतात. सर्वांत खाली जमिनीची जाळी. जाळी मात्र अपारदर्शक. एका चौकोनात एकच जाळी चालते, जी यादीत आधी येईल ती, आणि तिच्याखालच्या ओळींतले त्या चौकोनातले सगळे झाकले जाते. म्हणजे जाळी चुकून वर गेली की खालची गावे, रस्ते, घरे एका दमात गडप. शिवाय विमानतळ करणारा आपल्या सीनरीत एक वगळण्याची चौकट आखू शकतो : या हद्दीत खालच्या थरातली झाडे-घरे दाखवू नका. ती चौकट यादीत खाली राहिली तर तिचे कुणी ऐकत नाही, आणि धावपट्टीवर झाडे उगवतात ती इथेच. मायक्रोसॉफ्टच्या २००६ सालच्या सिम्युलेटरात यासाठी एक खिडकी होती, नाव वरखाली सरकवायची बटणे होती. बाकी न्याय तोच. तिथे विमानतळ सपाट असायचे, त्यामुळे नवी बारीक जाळी घातली की विमानतळ एक तर चौथऱ्यावर नाही तर खड्ड्यात जायचा.

इथपर्यंतचे कुणीही अर्ध्या तासात शिकू शकतो. दोन चांगल्या, प्रामाणिक सीनऱ्या एकमेकींविरुद्ध साक्ष देऊ लागतात तेव्हा मात्र अर्ध्या तासाची विद्या पुरत नाही. त्यासाठी साक्षीदाराची ओळख लागते.

डोंगरांच्या बाबतीत हा साक्षीदार बहुतेक वेळा एकच निघतो. फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर हे अमेरिकेचे अवकाशयान अकरा दिवस पृथ्वीभोवती फिरले. त्याच्यावर रडारचे दोन अँटेना होते. एक यानात आणि दुसरा साठ मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला. दोन डोळ्यांनी जशी आपल्याला खोली कळते तशी या दोन अँटेनांनी जमिनीची उंची मोजली. उत्तरेला ६० अंशांपासून दक्षिणेला ५६ अंशांपर्यंत, पृथ्वीवरची सुमारे ८० टक्के जमीन अकरा दिवसांत मोजून झाली. अमेरिकेबाहेरच्या प्रदेशाचे आकडे आधी नव्वद मीटरला एक बिंदू या हिशेबाने खुले झाले, आणि २०१४ पासून तीस मीटरला एक. आजही घरगुती सिम्युलेटरांतल्या कितीतरी डोंगरांचा सातबारा काढला तर तो या मोजणीपर्यंत जातो.

मोजणी थोर, यात शंका नाही. पण साक्षीदार कितीही सज्जन असला तरी त्याला कुठून काय दिसत होते हे विचारावे लागते. नव्वद मीटरला एक बिंदू म्हणजे लोहगडाच्या विंचूकाट्याची धार बोथट होणार. रडार जंगलावर पडले तर उंची झाडांच्या शेंड्यांजवळची येते, पायथ्याची नव्हे. धरणांचे पाणी त्या फेब्रुवारीत होते तिथेच थांबते. आणि हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा तर या पद्धतीत मावतच नाही. अशा जाळीत प्रत्येक बिंदूला एकच उंची लिहिता येते. कोकणकड्याचे पोट आत गेलेले आहे; वरून दोर सोडला तर तो कड्याला न टेकता खाली जातो. वर कडा आणि त्याच बिंदूखाली पुन्हा मोकळी हवा, हे लिहायला रकानाच नाही. त्यामुळे जाळी कितीही बारीक आणा, विमानातून तुम्हाला तिथे एक चांगला तीव्र उतार दिसेल. ज्याने तो कडा पालथे पडून पाहिला आहे त्याला हा उतार बघवत नाही.

छायाचित्रांच्या थरांचे आणखी वेगळे. उपग्रहाची छायाचित्रे निवडताना ढग नसलेली निवडतात. आपल्याकडे ढग नसलेले महिने म्हणजे हिवाळा आणि उन्हाळा. त्यामुळे छायाचित्रांच्या थरातला मावळ बारमाही करडा असतो. आभाळात सिम्युलेटर जुलैचा पाऊस पाडत असतो आणि खाली फेब्रुवारीतली वाळलेली गवते. शिवाय एकाच चौकोनात दोन वेगवेगळ्या वर्षांची छायाचित्रे जोडलेली असतात. एका शेतात ऊस उभा आणि बांधापलीकडे त्याच शेताची एन.ए. होऊन इमारत. हे थर डिस्कवर जागाही अफाट खातात. स्पष्टपणाची एक पायरी वर गेली की जागा चौपट. कोकणचा स्पष्टपणा वाढवायचा की घाटमाथ्याचा, असला हिशेब करताना मला कर्जवाटपाच्या उद्दिष्टांची आठवण येते.

आता उलव्याकडे येतो. एक्स-प्लेनमध्ये जगाचे एक अंश लांब, एक अंश रुंद असे चौकोन केलेले आहेत. उत्तर १८, पूर्व ७३ या चौकोनात पुणे येते, लोहगड येतो, आणि अगदी वरच्या कडेला, १९ अंशाची रेघ ओलांडायच्या जरा आधी, पनवेलजवळचा नवी मुंबई विमानतळ येतो. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमाने सुरू झाली. त्याच्या जागेत उलव्याची टेकडी होती, सुमारे नव्वद मीटर उंच. ती सुरुंग लावून कापली. उलवे नदीचा प्रवाह वळवला. खाजणात भराव टाकला. तरघर, कोंबडभुजे, चिंचपाडा, कोल्ही, कोपर अशी दहा गावे उठवली.

या विमानतळाची नवी जोडसीनरी आणून यादीत वर ठेवली की काय होते पाहा. २००० सालची मोजणी सांगते : इथे टेकडी आहे. मधल्या कुठल्या तरी वर्षाचे छायाचित्र सांगते : टेकडी अर्धी आहे, तिच्या पोटात दगडाच्या खाणीसारखी पांढरी जखम आहे. विमानतळाची सीनरी सांगते : सपाट आहे, टर्मिनल आहे, विमाने उभी आहेत. तिघेही खोटे बोलत नाहीत. प्रत्येक जण आपापल्या तारखेला खरा आहे. फक्त तारीख कुणीच सांगत नाही.

उड्डाणासाठी उत्तर सरळ आहे. विमानतळ वर, त्याची जमीन सपाट करा, टेकडी घालवा. आज तिथे उतरणाऱ्याच्या वाटेत टेकडी असणे बरोबर नाही. पण बहुतेक शौकीन इथे आणखी एक गोष्ट करतात, आणि माझा विरोध तिला आहे. ते जुनी जाळी आणि जुने छायाचित्र डिलीट करून टाकतात. जागा मोकळी होते, सिम्युलेटर लवकर सुरू होतो, यादी सुटसुटीत दिसते.

बँकेच्या लेजरमध्ये खाडाखोड हा गुन्हा होता. नोंद चुकली किंवा रद्द झाली तर तिच्यावर एक रेघ मारायची, खालचे वाचता आले पाहिजे, आणि बाजूला सही. सातबाऱ्यावरही जुन्या मालकाचे नाव पुसत नाहीत, त्याला कंस करतात. कंसातला माणूस वाचता येतो. एक्स-प्लेनच्या त्या साध्या फाइलमध्ये हीच सोय आहे. ओळीच्या सुरुवातीच्या शब्दाला 'डिसेबल्ड' हा शब्द जोडला की ती सीनरी बंद होते; ओळ राहते, फोल्डर राहतो, हवे तेव्हा शब्द काढून पुन्हा चालू करता येते. ज्याने कुणी हे योजले त्याला हिशेबाची वही ठाऊक असणार.

मी पनवेल भागात एका शाखेत होतो तेव्हाचे कोंबडभुज्याचे एक खातेदार परवा माझ्याकडे आले होते. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे. मी त्यांना माझ्याकडचा जुना छायाचित्रांचा थर चालू करून दाखवला. खेळाचे त्यांना कौतुक नव्हते. "साहेब, जरा खाली घ्या," एवढेच म्हणाले. देऊळ सापडले, देवळावरून घर सापडले. म्हणजे एक तांबूस छप्पर, चारपाच ठिपक्यांचे. मग ते बराच वेळ खाडीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "पाणी असं एका जागी नसतं. भरतीला इथवर येतं, ओहोटीला पार तिकडं जातं. आम्ही त्याच्यावर दिवस मोजायचो." सिम्युलेटरमधल्या खाडीला भरती-ओहोटी नाही, हे मी इतक्या वर्षांत कधी मनावर घेतले नव्हते. चहा झाल्यावर त्यांनी विचारले, हे असे कुठल्याही संगणकावर दिसते का? नाही, म्हटले. ज्याने ठेवले आहे त्याच्याच.

ही गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. छायाचित्रांचे हे थर बहुतेक करून नकाशाकंपन्यांच्या चित्रांवरून जो तो आपल्यापुरते बनवतो. चित्रांचे हक्क कंपन्यांचे असल्यामुळे ते थर दुसऱ्याला वाटता येत नाहीत. म्हणजे एखाद्या गावाचा त्या वर्षीचा थर एका डिस्कवर असतो आणि डिस्क गेली की जातो. जुनी छायाचित्रे सरकारी खात्यांच्या कपाटांत असतीलच. २०२१ साली केंद्र सरकारने नकाशे आणि भूमापनाच्या माहितीवरची बरीच बंधने सैल केली आहेत. आता साल लिहिलेली जुनी हवाई छायाचित्रे, निदान धरणे, विमानतळ आणि नव्या शहरांखाली गेलेल्या गावांची तरी, लोकांना मागताक्षणी मिळावीत. शौकिनांना ती हवी आहेतच, पण उठवलेल्या गावांच्या पोराबाळांचा हक्क आमच्याआधीचा आहे.

यावर तरुण मंडळी मला सांगतात, काका, हे सगळे जुने झाले. २०२० साली मायक्रोसॉफ्टचा नवा सिम्युलेटर आला, त्यात पृथ्वीची जमीन इंटरनेटवरून उडता उडता येते. दोन पेटाबाइटच्या वरचा साठा, तुमच्या डिस्कवर मावणारच नाही. खरे आहे. चित्र असे देखणे की पहिल्यांदा पाहताना मीही गप्प झालो. तिथेही जोडसीनऱ्यांसाठी वेगळा फोल्डर आहे. पण मूळ जमीन कोणत्या सालची हवी हे निवडायची सोय नाही. कंपनीने नवे छायाचित्र घातले की तुमच्याकडे नवे आले, जुने गेले. रेघ नाही, कंस नाही, सही नाही.

त्याच सिम्युलेटरात २०२० साली मेलबर्नच्या एका साध्या वस्तीत २१२ मजल्यांचा सुळका उभा राहिला होता. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या नकाशात एका विद्यार्थ्याने घराचे मजले लिहिताना २ च्या जागी २१२ टंकले होते. नकाशातली चूक नंतर दुसऱ्या कुणी दुरुस्तही केली. पण तोवर नकाशाची प्रत सिम्युलेटरकडे गेलेली होती. लोक हसले, त्या सुळक्याभोवती विमाने घेऊन गेले. मला त्यात चुकीपेक्षा दुरुस्तीची गोष्ट महत्त्वाची वाटते. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये प्रत्येक बदलाचा इतिहास राहतो. कुणी, कधी, काय बदलले ते उघडून बघता येते. म्हणूनच तो सुळका कुठून आला हे लोकांना शोधता आले. शोध घ्यायला कागद होता.

जुनी जमीन जपणारे काही मी एकटा नाही. मायक्रोसॉफ्टचा पहिला सिम्युलेटर १९८२ साली आला. ब्रूस आर्टविक यांनी केलेला. त्यात शिकागो, सिअ‍ॅटल, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क-बॉस्टन एवढेच जग होते, आणि विमान शिकागोच्या सरोवराकाठच्या मिग्ज फील्डवर उभे असायचे. पुढे कितीतरी वर्षे जगभरच्या पोरांनी पहिले उड्डाण तिथूनच केले. ३० मार्च २००३ च्या रात्री शिकागोच्या महापौरांच्या हुकमावरून बुलडोझर आणून त्या धावपट्टीवर मोठमोठ्या फुल्या खणल्या गेल्या. उभी असलेली विमाने तिथेच अडकली. २००६ सालच्या सिम्युलेटरात मिग्ज नव्हते. शौकिनांनी ते जोडसीनरी म्हणून परत आणले, आणि नव्या सिम्युलेटरांसाठीही पुन्हा पुन्हा बनवले. हाँगकाँगचा काई टाक विमानतळ जुलै १९९८ मध्ये बंद झाला. इमारतींच्या गच्च्यांवरून उजवीकडे वळत उतरण्याची ती अवघड वाट आजही लोक घरी बसून गिरवतात. मिग्ज आणि काई टाक यांना जपायला माणसे आहेत, कारण ते विमानतळ होते. कोंबडभुजे विमानतळ नव्हते.

माझी पद्धत कुणाला हवी असेल तर सांगतो. एक साधी रेघांची वही आहे. रकाने पाच : सीनरीचे नाव, करणाऱ्याचे नाव, जमीन कोणत्या सालची, माझ्याकडे कधी आली, यादीत कितवी. तिसरा रकाना भरणे सर्वांत अवघड. करणारे लोक झाडांचे रंग आणि दिव्यांचे खांब यांची दोन पाने माहिती देतात आणि मूळ मोजणीचे साल लिहीत नाहीत. मी त्यांना पत्र पाठवून विचारतो. निम्मे उत्तर देतात. ज्याचे साल कळत नाही ती सीनरी, कितीही देखणी असली तरी, माझ्याकडे वर चढत नाही. शिर्डी २०१७, चिपी २०२१, मोपा २०२२ अशी साले मी त्या विमानतळांच्या ओळींसमोर लिहिली आहेत, म्हणजे त्याआधीचे उड्डाण करायचे असेल तेव्हा काय बंद करायचे ते कळते. दर तीन महिन्यांनी ती फाइल आणि वही ताडून बघतो. आमच्या ही यावर म्हणते, निवृत्तीनंतरही ताळेबंद सुटला नाही.

सध्या उलव्याच्या तीन ओळी आहेत. नवा विमानतळ वर, चालू. अर्ध्या कापलेल्या टेकडीचे छायाचित्र त्याखाली, बंद. त्याच्याखाली आणखी जुना थर, देवळाचा आणि तांबूस छपराचा, तोही बंद. समोर वहीत लिहिले आहे : खातेदार दिवाळीनंतर नातवाला घेऊन येणार, तेव्हा चालू करणे.